ओव्हनच्या पडद्यावरचा कोड : आधी वाचा, मग फोन करा



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सौ.ला तीन-चार जणींनी एकच प्रश्न विचारला, "काकू, तुमचा ओव्हन झाला का सुरू?" ओव्हन सुरू झाला होता, पण त्याची हकीकत उभ्या उभ्या सांगण्यासारखी नव्हती. बोलता बोलता लक्षात आले की आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरी मायक्रोवेव्ह ओव्हन किंवा इंडक्शन शेगडी आहे. कधीतरी तिच्या पडद्यावर 'ई' नाहीतर 'एफ' आणि पुढे एखादा आकडा उमटतो, आणि मग घरात धांदल उडते. म्हणून हा लेख. आम्ही इंजिनियर नाही. बी.कॉम. होऊन सारी नोकरी बँकेत केली. पण जे आमच्या घरी घडले, आणि त्यानंतर मॅन्युअल वाचून व जाणत्या इलेक्ट्रिशियनला विचारून जे समजले, ते जमाखर्चासारखे मांडत आहोत.

आमच्या घरी काय झाले

गेल्या डिसेंबरात नातीचा वाढदिवस होता. मुलगा-सून पुण्याहून आले होते. केक घरीच करायचा ठरला. संध्याकाळी साडेसातला सौ.ने भांडे कन्व्हेक्शनवर ठेवले आणि दहा मिनिटांत ओव्हनने तीन वेळा आवाज करून 'ई-२' दाखवले. बंद करून पुन्हा लावला, पाच मिनिटांत पुन्हा तेच. मेकॅनिकला फोन केला. त्याने फोनवरच निदान केले, "साहेब, बोर्ड गेला. साडेसहा हजार लागतील. उद्या घेऊन येतो." पाहुणे घरात, नात तोंडाकडे बघत उभी. आम्ही "हो" म्हणून मोकळे झालो. केक शेवटी गॅसवर, कुकरच्या तळाशी मीठ पसरून केला आणि तो चांगला झाला, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सौ.ने सहज ओव्हन लावून पाहिला, तर तो निमूट चालला. ती म्हणाली, "बोर्ड गेला असेल, तर सकाळी परत कसा आला?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. मेकॅनिकला दोन दिवस थांबायला सांगितले आणि कपाटातून ती पिशवी काढली, जिच्यात बिल, वॉरंटी कार्ड आणि मॅन्युअल खरेदीच्या दिवसापासून तसेच पडले होते. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर कोडचा तक्ता होता. 'ई-२' समोर बोर्डाचे नावही नव्हते. तिथे लिहिले होते : विद्युतपुरवठ्याचा दाब कमी.

कोड म्हणजे चेकचा परतावा-मेमो

बँकेत चेक न वटता परत गेला की सोबत एक मेमो जातो आणि त्यावर कारणाचा क्रमांक असतो. ०१ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही, १२ म्हणजे सही जुळत नाही. मेमो एवढेच सांगतो की चेक कुठे अडला. सही का जुळली नाही, हात थरथरला, सही बदलली की दुसऱ्याच कोणी केली, हे मेमो सांगत नाही. ते आपण शोधायचे.

ओव्हनचा कोड अगदी तसाच. आत एक छोटा नियंत्रक बसलेला असतो. तो सतत काही गोष्टी तपासत असतो : दार लागले आहे का, तापमान किती आहे, कुठले बटण दाबले गेले, वीज ठीक येते का. यातले एखादे उत्तर त्याच्या हिशेबात बसले नाही की तो काम थांबवतो आणि क्रमांक दाखवतो. म्हणजे कोड आला याचा अर्थ यंत्र मेले असा नाही. उलट ते जागे आहे आणि त्याने वेळीच हात आवरला आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. चेकचे क्रमांक सगळ्या बँकांना सारखे असतात, ओव्हनचे नाहीत. प्रत्येक कंपनीचे आणि कधी कधी एकाच कंपनीच्या प्रत्येक मॉडेलचे क्रमांक वेगळे. शेजाऱ्यांच्या 'ई-२' चा अर्थ आपल्या 'ई-२' ला लावू नका. मॅन्युअल हरवले असेल तर ओव्हनच्या मागे किंवा दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल क्रमांक असतो. तो घालून कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून मॅन्युअल उतरवून घेता येते.

अक्षर नीट वाचणेही महत्त्वाचे. हे पडदे सात रेघांचे असतात, त्यात इंग्रजी 'एस' आणि इंग्रजी पाचाचा आकडा एकसारखे दिसतात. सॅमसंगच्या मायक्रोवेव्हवर 'एस ई' आले तर त्याचा अर्थ बटणांच्या पट्टीत कुठेतरी शॉर्ट झाले आहे. पण पुष्कळ लोक ते 'पाच ई' असे वाचतात आणि तक्त्यात शोधत बसतात. म्हणून फोनवर वर्णन करण्यापेक्षा पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

कोडसारखे दिसते, पण दोष नसतो

मेकॅनिकला बोलावण्याआधी हे पाहून घ्यावे.

लाइट जाऊन आली की घड्याळ शून्यावर किंवा बारावर लुकलुकते. भिंतीत बसवायच्या पुष्कळ ओव्हनमध्ये घड्याळ लावल्याशिवाय ओव्हन तापतच नाही. लोकांना वाटते हीटर गेला, वास्तविक फक्त वेळ लावायची राहिलेली असते.

कुलपाचे चित्र किंवा 'लॉक' या अर्थाची अक्षरे दिसली तर ते मुलांसाठीचे कुलूप आहे. नातवंडे येऊन गेली की हे हमखास होते. बहुतेक ठिकाणी ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरले की ते सुटते.

पडदा चालतो, पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पदार्थ गारच, असे नव्या ओव्हनमध्ये झाले तर तो दुकानातल्या प्रदर्शनाच्या सेटिंगवर राहिलेला असू शकतो. मॅन्युअलमध्ये ते काढण्याची रीत असते.

काचेच्या शेगडीवर इंग्रजी 'एच' दिसला तर तो इशारा असतो की काच अजून गरम आहे. हात लावू नका, एवढेच.

खरे कोड : चार घराणी

कंपन्या कितीही असोत, कोडमागची कारणे साधारण चार प्रकारची असतात.

पहिले घराणे तापमानाच्या सेन्सरचे. पुष्कळ ओव्हनमध्ये प्लॅटिनमचा सेन्सर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध ठरलेल्या मापाने वाढतो : शून्य अंशाला १००० ओहम, १०० अंशाला सुमारे १३८५, २०० अंशाला सुमारे १७५८. नियंत्रक हा आकडा वाचून तापमान ओळखतो. तार तुटली तर आकडा अफाट येतो, दोन तारा चिकटल्या तर शून्याजवळ येतो. दोन्ही आकडे अशक्य, म्हणून नियंत्रक कोड दाखवतो. कित्येकदा सेन्सर चांगला असतो आणि त्याची पिन सैल झालेली किंवा काळवंडलेली असते. मेकॅनिक मीटर लावून पाच मिनिटांत हे सांगू शकतो. मीटर न लावता सेन्सर किंवा बोर्ड बदला म्हणणाऱ्याला आधी मीटर लावायला सांगा.

दुसरे घराणे बटणांचे. एखादे बटण दाबलेलेच राहिले असे नियंत्रकाला वाटले की कोड येतो. श्रावणात हवा दमट असते, त्यातून खाली गॅसवर कुकर आणि वर फळीवर ओव्हन असेल तर वाफ थेट बटणांच्या पट्टीत शिरते. प्लग काढून, पट्टी कोरड्या फडक्याने पुसून ओव्हन एक दिवस कोरड्या जागी ठेवला तर कधी कधी काम भागते. तेलकट हाताने बटणे दाबण्याची सवयही सोडावी.

तिसरे घराणे दाराचे आणि गरमीचे. मायक्रोवेव्हच्या दारामागे एकाहून जास्त सुरक्षा-स्विच असतात. दार पूर्ण लागले असे सगळ्यांनी सांगितल्याशिवाय लहरी सुरूच होत नाहीत. दाराच्या कडेला साचलेले तूप-पीठ पुसले तरी पुष्कळदा तक्रार मिटते. दार मोठ्याने आपटू नये आणि उघडल्यावर त्यावर जड भांडे ठेवू नये. गरमीचा कोड आपल्या बुऱ्हाणपुरात मे महिन्यात जास्त दिसतो. पारा ४३-४४ च्या पुढे गेलेला, त्यात स्वयंपाकघर बंद आणि ओव्हन भिंतीला चिकटवलेला. आतल्या पंख्याला गार हवा मिळणार कुठून? मॅन्युअलमध्ये लिहिली असेल तेवढी जागा मागे, बाजूला आणि वर सोडा. इंडक्शनखालची जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडा. जाळीतून झुरळे आत जातात, त्यांना ती ऊब आवडते, आणि बोर्डावर त्यांनी घर केले की कोड ठरलेला.

चौथे घराणे विजेचे. आमचा 'ई-२' यातलाच. याच्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण खरा धोका इथे आहे.

विजेचा हिशेब आणि आमच्या घरचा शोध

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरतात. व्होल्टेज कमी झाले की हीटरची ताकद त्याहून कितीतरी जास्त घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टला २००० वॅट देणारा हीटर १७२ व्होल्टला जेमतेम ११२० वॅट देतो. व्होल्टेज पावपट गेले, उष्णता जवळजवळ निम्मी गेली. केक मधे ओला राहतो, आणि बिचारी करणारी स्वतःला दोष देत बसते.

आम्ही सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर आणला. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये तो लावून तीन नोंदी घेतल्या. सकाळी २२६. संध्याकाळी साडेसातला ओव्हन बंद असताना १९५. त्याच वेळी ओव्हन लावताच १७२. संध्याकाळी सगळ्या वस्तीचा भार वाढतो, म्हणून १९५ समजण्यासारखे होते. पण आमचा एक ओव्हन लावला की २३ व्होल्ट कुठे गेले? शेजाऱ्यांकडे त्याच वेळी गीझर लावून पाहिला, तर त्यांच्याकडे दोन-तीन व्होल्टांचाच फरक पडला. याचा अर्थ मोठा दोष बाहेरच्या लाइनीत नव्हता, आमच्याच घरात होता.

आपल्या लालबागेच्या बाजूचा कुंडी भंडारा आठवा. १६१५ सालचे ते काम. जमिनीखालून बोगदा, आणि वर ओळीने कुंड्या. एका कुंडीत पाणी कमी दिसले तर दोष त्याच कुंडीत असतो असे नाही, वरच्या कुंडीकडे जाऊन पाहावे लागते. विजेचेही तसेच. कोड ओव्हनवर दिसला, पण शोध प्लगपासून मागे सॉकेट, बोर्डाची तार, मेन स्विच आणि मीटर असा करत जायचा.

इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने मेन बंद करून झाकण काढले आणि आम्हाला बोलावून दाखवले. न्यूट्रल तारेचा स्क्रू सैल झाला होता, तारेवरचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळायला लागले होते. हिशेब करा. १७२ व्होल्टला तो ओव्हन साधारण साडेसहा अँपियर घेत होता. २३ व्होल्टांना साडेसहाने गुणले तर १५० वॅट होतात. त्यातला बराचसा भाग त्या एका स्क्रूपाशी उष्णता होऊन जळत होता. जुना १०० वॅटचा बल्ब हाताला किती चटका देत असे ते आठवा. त्याच्या जवळपास दीडपट उष्णता, बंद डब्यात, लाकडी फळीवर, आणि शेजारीच जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी. आम्ही दोघे रात्री त्याच खोलीशेजारी झोपतो.

तार कापून नवे टोक काढले, मेन स्विच बदलला, सामान आणि मजुरी धरून साडेनऊशे रुपये लागले. त्या संध्याकाळी ओव्हन लावला तर १९५ चे १९१ झाले, आणि कोड आला नाही. आजतागायत आलेला नाही. आता असे समजा की आम्ही साडेसहा हजार देऊन बोर्ड बदलला असता. पैसे गेले असते, कोड पुन्हा आला असता, आणि तो स्क्रू तसाच जळत राहिला असता. ज्या क्रमांकावर आम्ही चिडलो होतो, तोच आम्हाला आठवडाभर सांगत होता की घरात कुठेतरी काही जळते आहे.

कोड आला की काय करावे

१. पडद्याचा फोटो काढा. कोणती वेळ, काय शिजत होते, किती मिनिटांनी आला, ट्यूबलाइट-पंखा मंद झाला होता का, हे वहीत लिहा.

२. ओव्हन भिंतीवरच्या स्विचने बंद करून प्लग काढा आणि दहा मिनिटे थांबा. तात्पुरता गोंधळ असेल तर तो एवढ्याने जातो.

३. प्लग आणि सॉकेट पाहा. डाग, वितळल्याची खूण, जळका वास असेल तर तो सॉकेट वापरू नका. २००० वॅटच्या ओव्हनला १६ अँपियरचा मोठा सॉकेट आणि अर्थिंग हवेच. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर चालणार नाही.

४. मॅन्युअलमध्ये कोड पाहा. दार, जाळी, बटणे पुसून घ्या.

५. पुन्हा लावताना मायक्रोवेव्ह रिकामा चालवू नका, कपभर पाणी ठेवून पाहा.

६. तोच कोड दुसऱ्यांदा आला तर तिसऱ्यांदा लावू नका. पुन्हा पुन्हा चालू-बंद करणे म्हणजे न वटलेला चेक रोज भरत राहणे.

७. सगळ्या घरातच दिवे कधी फार मंद तर कधी डोळे दिपतील असे होत असतील तर आधी मेन बंद करा. खांबावरची न्यूट्रल तुटली तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टांपर्यंत दाब येऊ शकतो. मध्य प्रदेशात विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

आणि हे कधीही करू नका

मायक्रोवेव्हचे बाहेरचे आवरण उघडू नका. प्लग काढलेला असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाचा साठा काही काळ राहू शकतो. व्हिडिओ पाहून स्क्रू ड्रायव्हर घेणाऱ्या हौशी मंडळींना हात जोडून सांगतो, जिवाशी खेळ आहे. धूर, ठिणगी, जळका वास, हात लावल्यावर झिणझिण्या किंवा एमसीबी पडणे, यांपैकी काही दिसले तर कोडचा अर्थ शोधत बसू नका. मेन बंद करा आणि माणूस बोलवा.

परदेशातल्या मुलांसाठी दोन ओळी

अमेरिकेत घरोघरी मोठा ओव्हन असतो आणि कोडही तसेच येतात. उदाहरणार्थ, जीई कंपनीच्या जुन्या ओव्हनमध्ये 'एफ-२' म्हणजे आत प्रमाणाबाहेर गरमी, 'एफ-३' म्हणजे सेन्सरची तक्रार आणि 'एफ-७' म्हणजे अडकलेले बटण. तिथल्या ओव्हनमध्ये स्वतःला तापवून साफ करण्याची सोय असते, त्यात आतले तापमान सुमारे ४८० अंशांपर्यंत जाते. एवढ्या गरमीने दाराचे कुलूप किंवा सुरक्षा-फ्यूज रुसू शकतो. म्हणून दिवाळीच्या आदल्या दिवशी ती सफाई करू नका, आठ-दहा दिवस आधी करा.

पैशाच्या बाबतीत

इथे आमचा जुना धंदा बोलतो. 'कस्टमर केअर' चा नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. खोटे नंबर टाकून बसलेले ठग असतात. ते "दहा रुपये भरून नोंदणी करा" म्हणतात, लिंक पाठवतात, मोबाईलचा पडदा दाखवणारे ॲप उतरवायला लावतात आणि खाते रिकामे करतात. नंबर मॅन्युअलवरून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगायचा नाही, दुरुस्तीसाठी त्याची गरजच नसते.

मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज लेखी घ्या. कोणता भाग, का बदलायचा, मीटरने काय दाखवले, हे विचारा. जुना भाग परत मागा. पक्के बिल घ्या आणि बदललेल्या भागाची वॉरंटी किती ते त्यावर लिहून घ्या. सगळेच मेकॅनिक फसवतात असे मुळीच नाही. आमचे घर एका प्रामाणिक इलेक्ट्रिशियनमुळेच वाचले. पण फोनवरच्या निदानाला "हो" म्हणायचे नाही, हे आम्ही शिकलो. वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. डिसेंबर २०२२ पासून केंद्राच्या ग्राहक खात्याचे 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू आहे, तिथे त्यात सामील कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती मिळते.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळात आमच्यासारखी दोघेच राहणारी बरीच घरे आहेत, मुले पुण्या-इंदूरला किंवा त्याहून लांब. या रविवारी एवढे करा : ओव्हनचे मॅन्युअल पिशवीतून काढा, कोडचा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवा, आणि जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून मेन स्विचचे स्क्रू एकदा तपासून घ्या. मुले सुट्टीला येतील तेव्हा त्यांनाही हे काम सांगता येईल, त्यांना आवडते.

लेखात काही राहिले असेल किंवा आमच्या समजुतीत खोट असेल, तर जाणकारांनी जरूर कळवावे. चूकभूल द्यावी घ्यावी.